नर्मदेची भवानी

९ फेब्रु., रवि.
सकाळी उगाचच आठवलं. लग्नानंतरचा कोपरीतला पहिला आठवडा. माझे केस ओले, हातात चहाची गाळणी, आणि दारात मासळीची पाटी टेकवून नर्मदा कोळीण. "वयनी, तुजा हात लागू दे." भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे मला मागाहून ह्यांनी सांगितलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी बाकी सगळं शिकवलं होतं. त्या दिवशी तिची पाटी दहाच्या आत रिकामी झाली. तेव्हापासून पहिलं गिऱ्हाईक मीच.
हे गेले तेव्हा मी दार लावून बसले होते. विधवेचा हात कशाला… ती पायरीवरून हलेना. "सुतक तुला, माज्या मावऱ्याला नाय!"
आता इमारत पाडणार. १९ला मी डोंबिवलीला, मानपाड्याला, भाचीकडे.

१२ फेब्रु., बुध.
मीराचा डेन्मार्कहून फोन. तिथे शेतकरी रस्त्याकडेला अंडी ठेवून निघून जातो. शेजारी डबा. पैसे टाका, अंडी घ्या. "आई, कुणी बघत नाही, कुणी फसवत नाही." दिवसभर तीच अंडी डोळ्यांपुढे. धुकं, गवत, माणूस नाही… पण त्या शेतकऱ्याची सकाळ कुणाच्या हाताने सुरू होते? विचारलं. "आई, तू पण ना!"

१४ फेब्रु., शुक्र.
चुकले. निरोपाचं मनात घोळत होतं. नर्मदेने बोंबलांचा भाव सांगितला, तो ऐकलाही नाही. मोठी नोट हातात कोंबली. "राहू दे गं, सुटे नकोत."
तिचा चेहराच उतरला. "रोज धा मिनटं डोकं खातेस, भाव पाडतेस, ती भवानी. ही भीक हाय, वयनी. सकाल सकाल भीक घातलीस मना?"
नोट उंबऱ्यावर ठेवली, पाटीवर फडकं ओढलं, उतरली.
खाली कविता भेटली असेल तिला. (कविता शेजारच्या इमारतीतली, तळमजल्यावरची, सिंधी, माझी दुसरी किल्ली तिच्याकडेच.) वर येऊन म्हणाली, "ताई, ती तर सीधी घरी गेली. पूरी टोपली घेऊन."
भरली पाटी. माझ्या हाताने.

१६ फेब्रु., रवि.
आली नाही. आठ, साडेआठ. जिन्यात ऊन सरकत राहिलं. खुर्चीत डोळा लागला, बांगड्या वाजल्यासारखं झालं. कुणी नव्हतं.
चेंदणीला तिच्या घरी जावं? जाऊन काय देणार? देण्यानेच तर…
भाची म्हणते, "मावशी, इकडे फोनवर मासे येतात. साफ करून, पिशवीत."

१९ फेब्रु., बुध., सकाळ
टेम्पो उभा आहे. ती नाही. हे पान फाडून कविताला देते.
कविता, तांब्याचा बंब तुला. शिलाई मशीन तुझ्या सुनेला. ह्यांची छत्री वॉचमनना. इंग्रजी पुस्तकं मीराची, ती येईपर्यंत तुझ्या माळ्यावर.
पितळी परात नर्मदेला. पण देऊ नकोस, विक. भाव चढा सांग. ती तोंड सोडेल, सोडू दे. मग थोडी उतर.
आणि ती आली, पाटी टेकवली, तर परातीच्याही आधी तिची भवानी तू कर. कोलंबीचा एक वाटा घे. ती सांगेल त्या भावाला मुळीच घेऊ नकोस.