चित्र क्रमांक सतराखालची ओळ

३ मार्च, रविवार

ट्रंक उघडली! अकरा वर्षं तिला कुलूप होतं. जकार्ताहून आलेल्या एका दाढीवाल्यानं दोन करवंट्या कॉफीच्या पानांचा कावा पिऊन आणि आमाकनं तळलेली सगळी केळी संपवून ती उघडायला लावली.

मामक बाह्रूम म्हणजे माझा मामा, आमाकचा — आईचा — थोरला भाऊ. वय एकाहत्तर, जंगलखात्यात तीस वर्षं पायपीट. बायको गेल्यावर रिवाजाप्रमाणे तिचं घर सोडून बहिणीच्या दारी परत आला, तो ही ट्रंक घेऊन. आम्ही समजत होतो, आत बायकोचे कपडे असतील. निघाली चित्रं! त्रेसष्ट. सगळी पेन्सिलची, सगळी रानातल्या जनावरांची. आणि पेन्सिली माझ्या — शाळेच्या परीक्षेतून उरलेल्या, मी दर वर्षी आणून द्यायचे त्या. मला वाटायचं म्हातारा शब्दकोडी सोडवतो.

दाढीवाल्यांचं नाव बापाक दार्सोनो. प्रदर्शनं भरवतात. प्रत्येक चित्र हातात घेतलं की डोळे मिटून घ्यायचे. चित्र बघायला डोळे मिटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रदर्शन एप्रिलमध्ये, पायाकुंबुहच्या सभागृहात. मामक तयार झाला, पण एका अटीवर. "कुठल्याही चित्राखाली जागा लिहायची नाही. ओढा नको, कडा नको, झाडसुद्धा नको. जनावर बघा आणि घरी जा." बापाक दार्सोनोंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. म्हातारा कुठलं दुरियानचं झाड लपवतोय कुणास ठाऊक!

चित्रांखालच्या ओळी कोण लिहिणार? मामकनं माझ्याकडे बोट दाखवलं. "नेल लिहील. तिची भाषा चांगली आहे. आणि आमच्यात जे काही असतं ते भाचीकडेच जातं."

माझं नाव छापून येणार. बावीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल शाई ओतते आहे. माझं स्वतःचं एक वाक्य आजवर कुणी छापलं नाही. इथे खोटं कशाला लिहू — मला आनंद झालाय, आणि चांगलाच झालाय.

७ मार्च, गुरुवार

बापाक दार्सोनोंचा फोन. "इबू नेल, प्रत्येक चित्राला एक मूड हवा. आणि एक अर्थ. लोकांना नुसतं जनावर दाखवून चालत नाही."

जनावराला माहीत आहे का, की ते नुसतं आहे म्हणून?

१० मार्च, रविवार

आज चाळीस ओळी पाडल्या. टपीर, पाठमोरा : "निरोप". सियामांग वानर, गळा फुगवलेला : "पहाटेची प्रार्थना". अस्वल, मधाच्या पोळ्यापाशी बसलेलं : "अतृप्ती". खवल्या मांजर, गुंडाळी करून : "आत वळलेलं मन". हे सगळं मी भात शिजेपर्यंत लिहिलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

मामकला वाचून दाखवलं. तो हसून हसून खोकायला लागला. "निरोप कसला? मला बघून पळत होता, म्हणून ढुंगण दिसलं. आणि प्रार्थना? बायकोशी भांडत होता तो! सकाळभर. मला कान झाकून बसावं लागलं."

"आणि अस्वल?"

"त्याचं पोट बिघडलं होतं. वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता, मला विचार."

आमाक साळिंदराचं चित्र घेऊन बसली होती. "ह्याचा अर्थ मी सांगते. ह्यानं आपला कसाव्याचा सगळा वाफा उपटला. मेल्याचा मूड चांगलाच होता!"

सतरा नंबरचं चित्र कळेना. त्यात जनावरच नाही. जमिनीवरचा पालापाचोळा, मुळं, माणसाच्या पायाची दोन बोटं आणि अंगठ्यावर एक जळू. बस. पण पान न् पान काढलेलं, इतकं की ओलं वाटतं. मी लिहिलं : "जळू. चिकाटीची भूक." हे ऐकल्यावर मामक हसला नाही. कावा संपवून परसात गेला.

१९ मार्च, मंगळवार

बापाक दार्सोनो परत आले. अर्थ शोधायला. शेवटच्या आठ-दहा चित्रांतल्या रेघा फिकट आहेत, त्यावर ते पाऊण तास बोलले. "बघा इबू, रान विरत चाललंय. चित्रकाराचा हात शोक करतोय."

मी सांगितलं की त्या वर्षी शाळेनं स्वस्तातल्या पेन्सिली घेतल्या होत्या. उमटायच्याच नाहीत. मुलांचीही उत्तरं मशीननं वाचली नव्हती.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बहुतेक त्यालाही अर्थ चिकटवतील.

मग मुद्द्यावर आले. "सुमात्राचं प्रदर्शन आणि वाघ नाही? लोक वाघ बघायलाच येतात हो. एखादा तरी वाघ काढून द्या ना, वाघ—"

आमाकनं त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली. "इन्यिक म्हणा. आजोबांना कुणी तोंडावर नावानं हाक मारतं का? आणि इथून रान कितीसं लांब आहे?"

मामक म्हणाला, "मी पाहिलेलं तेवढंच काढतो." विषय संपला. केळीही संपली.

१३ एप्रिल, शनिवार

उद्घाटन. भाषणं तीन, गुदमरलेली माणसं सुमारे दोनशे. मामक काळी टोपी घालून आला आणि बाहेर बाकावर जाऊन बांबूतलं दही खात बसला.

शहरातले लोक माझ्या ओळी आधी वाचतात, मग चित्र बघतात, मग मान हलवतात. एक बाई टपीराच्या ढुंगणापुढे रडली. देवाशपथ! माझी ओळ वाचून रडली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, उलट गुदगुल्या झाल्या.

दुपारी आमच्या गावचे म्हातारे आले. टपीर, अस्वल, सियामांग — "हं, हं," करत भराभर पुढे. सतरा नंबरपुढे मात्र सगळे थबकले. आवाज एकदम खाली. एकानं टोपी सारखी केली. एकानं हलकेच विचारलं, "बरे आहेत ना आजोबा?" मामक दारात होता. त्यानं नुसती मान हलवली.

आणि मी त्याखाली लिहिलं होतं : जळू.

१४ एप्रिल, रविवार

सकाळी चुलीपाशी मामकला धरलाच. काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"इन्यिक समोर आला की वर बघायचं नाही. डोळे खाली. 'आजोबा, नातू चाललाय, वाट द्या' म्हणायचं आणि उभं राहायचं. मी चार वेळा उभा राहिलो. एकाच वळणावर. मग मला काय दिसणार? माझे पाय दिसले. जळू चढत होती, पण हात हलवायची सोय नव्हती. श्वास ऐकू आला. वास आला. पाहिलं ते एवढंच, म्हणून एवढंच काढलं."

"म्हणजे ते इन्यिकचं चित्र आहे?"

"मग काय जळूचं?"

आणखीही सांगितलं. कुठलं वळण, कड्यापासून कितवं. इन्यिक अजून त्याच वाटेनं जाते. हो, जाते — बाई आहे. बाई असली तरी आजोबाच! यंदा बरोबर पिल्लू आहे. खात्यातसुद्धा हे कुणाला ठाऊक नाही. "तुला सांगतोय, कारण माझ्यानंतर कुणाला तरी माहीत हवं. कुणी तिकडे रस्ता काढायला निघालं, तर तू अडवशील."

महिनाभर मी भाताच्या वाफेवर अर्थ शिजवत होते, आणि खरा अर्थ आमच्या परसात बसून कावा पीत होता.

१६ एप्रिल, मंगळवार

सतराची ओळ बदलली. ओळ कसली, चांगली बारा ओळींची पाटी. बापाक दार्सोनो फोनवर गहिवरले. मोठ्या अक्षरात छापून घेतली, खाली "लेखन : यूसनेली". पूर्ण नाव.

चार वेळा, खाली घातलेली मान, श्वास, जळू, पिल्लू. आणि जागा. गावाचं नाव घातलं नाही, पण पांढरा कडा आणि तिसरं वळण आलं. ते काढून वाचून पाहिलं. अगदीच निर्जीव! बावीस वर्षं मी मुलांना हेच सांगते — कुठे, केव्हा, कोण. हे नसेल तर निबंध खोटा वाटतो. मीच आता पळवाट काढू? शिवाय चित्रांखालची पाटी इतक्या बारकाईनं कोण वाचतं? शहरातल्या माणसाला पांढरा कडा म्हणजे काय, मूडच.

संध्याकाळी मामकनं विचारलं, "जागा नाही ना लिहिलीस?"

"गावाचं नाव कुठेच नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. त्याचा चष्मा तुटलाय. दुरुस्तीला मीच नेणार होते, राहून गेलं.

२१ एप्रिल, रविवार

सतरा नंबरपुढे रांग! टपीर बिचारा एकटा पडलाय. लोक पाटीचा फोटो काढतात, मग पाटीशेजारी स्वतःचा. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "इबू, वाचताना मला तिथे उभं राहिल्यासारखं वाटलं." घरी येईपर्यंत हेच वाक्य मनात घोळवत आले.

एक माणूस तीनदा येऊन गेला. साधा, पायात रबरी बूट, ओठ हलवत वाचणारा. तिसऱ्यांदा आला तेव्हा खिशातून वही काढून काही ओळी उतरवून घेतल्या! मी पोरांना 'उतरवून घ्या' म्हणून दमत आले, आणि हा स्वतःहून. जवळ जाऊन विचारलं, आवडलं का? म्हणाला, "फार स्पष्ट लिहिलंय." इतकी नेमकी दाद बापाक दार्सोनोंना जन्मात जमणार नाही.

आमाकला सांगितलं. ती म्हणाली, "जास्त फुगू नकोस, दारातून आत येणार नाहीस."

२८ एप्रिल, रविवार

रमजान लागायच्या आत प्रदर्शन आवरायचं. बापाक दार्सोनो आता सगळ्याचं पुस्तक काढू म्हणतात. पहिल्या पानावर सतरा नंबर आणि माझी पाटी. मामकला विचारायला हवं. त्याचा मूड बघून विचारीन!

२ मे, गुरुवार

तिसऱ्या वळणावर तारेचा फास होता. इन्यिक गेली. पिल्लू सापडलं नाही.

खात्याचे दोघं सभागृहात आले. "ही जागा कुणी फोडली?" मी तोंड उघडायच्या आत मामक म्हणाला, "मी. पोरीला मीच लिहायला लावलं." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प बसले. गप्प बसले मी.

चित्र त्यांनी भिंतीवरच ठेवलं. म्हणाले, ह्यात तर काहीच नाही. पुरावा म्हणून माझी पाटी काढून नेली.