ट्यूटरची जागा भरली

७ जुलै २०२५
नर्सिंग स्कूलचा प्रशासकीय अधिकारी म्हणून आजपासून रुजू. पुसदच्या कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो तेव्हाच वाटलं होतं, वामनराव, तुमचं खरं काम अजून बाकी आहे. खेड्यात नर्स नाहीत, कारण नर्स घडवणारे शिक्षक नाहीत. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही. आमच्याकडे मुली भरपूर, इमारत नवी, ट्यूटर एकच: पद्मजा मॅडम. हाडं त्याच शिकवतात, बाळंतपण त्याच, होस्टेलही त्यांच्याकडेच. दिवाळीपर्यंत सगळ्या जागा भरणार. संकल्प.

१४ जुलै
जाहिरात दिली. मुलाखतीला गर्दी होईल म्हणून दारात मंडप टाकायला सांगितला.

२३ जुलै
उमेदवार एक. घनश्याम, गुरांच्या दवाखान्यातून रिटायर. म्हणाला, इंजेक्शन त इंजेक्शनच राह्यते सर. कॉन्फिडन्स चांगला. वेटिंगवर ठेवला. मंडप काढला. तसाही वारा फार होता.

२ ऑगस्ट
नागपूरहून शाल्मली मॅडम मुलाखतीला येऊन गेल्या. पोरांना शाळा कुठे, नवऱ्याला इथे काम काय, परतीची बस कधी, सगळं विचारलं. चौकस बाई. कळवते म्हणाल्या. होकारच धरायचा.

११ ऑगस्ट
शाल्मली मॅडमचा फोन लागत नाही. रेंजचा प्रॉब्लेम.

१९ ऑगस्ट, सकाळी
कल्पना सुचली. गावच्या आरोग्य केंद्रात अर्पिता सिस्टर. बीएस्सी नर्सिंग, अनुभवी, नोकरी कंत्राटी. आणि आपण नागपूरकडे डोळे लावून बसलोय.

संध्याकाळी
भेटलो. ती म्हणाली, सर, मी आली त इथं कोन राहीन? मी समजावलं: तू इथे एक नर्स. तिकडे आलीस तर वर्गभर नर्सेस तयार करशील. तुझ्या जागी लगेच दुसरी येईल. तिनं रजिस्टर उघडलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. पटलं असावं.

१ सप्टेंबर
अर्पिता सिस्टर रुजू. टंचाईवर पहिला घाव. पेढे.

१६ सप्टेंबर
पद्मजा मॅडम सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन जर्मन शिकतात. मी म्हटलं, या वयात ही जिद्द. मुलींसमोर सत्कार केला.

२९ सप्टेंबर
गावातल्या इंदुताई चार बाया घेऊन आल्या. आरोग्य केंद्रात सिस्टर नाही, दुसरी आलीच नाही. मी बोर्डवर आकृती काढून दाखवली: तीन वर्षांनी आपल्याच मुली पास होऊन बाहेर पडतील. इंदुताई म्हणाल्या, माह्या सुनेचं पोट तीन वर्ष थांबन का? बाकीच्या बाया हसल्या. वातावरण खेळीमेळीचं राहिलं.

१३ ऑक्टोबर
पद्मजा मॅडमचा राजीनामा. जर्मनीला चालल्या. तिथेही नर्सेस कमी आहेत म्हणे. विषय जागतिक आहे, म्हणजे आपण योग्य दिशेने आहोत.
तूर्त सगळे विषय अर्पिता सिस्टरकडे. होस्टेलही.

३ नोव्हेंबर
दिवाळी झाली. जागा भरायच्या आहेत. मार्चपर्यंत ठरवलंय, ते जास्त प्रॅक्टिकल.

२१ नोव्हेंबर
इंदुताईंची सून पुसदला नेताना ऑटोतच बाळंत झाली. बाळ गेलं. सून आयसीयूत आहे.
रस्ता खराब आहे, त्याबद्दल वरच्या ऑफिसला लिहायला हवं.
अर्पिता सिस्टरनं वर्ग घेतला नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, बाळ आडवं होतं सर. मी असती त आदीच पुसदले पाठवलं असतं.
मी म्हटलं, आज आराम कर.

२४ नोव्हेंबर
इंदुताईंकडे जाऊन यायचं ठरवलं होतं. घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. आत माणसं बरीच होती. पुन्हा कधीतरी.

५ डिसेंबर
अर्पिता सिस्टरनं राजीनामा दिला. जुन्या जागेवर जाते म्हणाली. मी स्वतः तिच्यासोबत चौकशीला गेलो. ती जागा आता रिक्त आहे, पण भरती बंद आहे. येताना बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली.

१५ डिसेंबर
अर्पिता सिस्टर पुण्याला गेली. मोठं हॉस्पिटल आहे.
आजपासून वर्ग मी घेतोय. नाडी शिकवली. मला स्वतःची सापडली नाही. एका मुलीनं हात धरून दाखवली.

१२ जानेवारी २०२६
इन्स्पेक्शन. ट्यूटर कुठे, एवढंच विचारलं.

९ फेब्रुवारी
मान्यता गेली. मुलींना यवतमाळला सामावून घेणार आहेत. काहींच्या घरच्यांनी तेवढ्या लांब पाठवायला नकार दिला. माझी नाडी शोधून देणारी मुलगी त्यातच आहे. तिचं लग्न ठरतंय.

१६ फेब्रुवारी, दुपारी
मुली गेल्या. ऑफिसात एकटाच. एक बाई आली, कुठल्या तरी वाडीवरून चालत. कडेवर तापलेलं पोर. नर्सिंगचा बोर्ड पाहून आत शिरली. सिस्टर हाय का, म्हणाली. मी नाही म्हटलं. मंग तुमी कोन? मी प्रशासकीय अधिकारी असल्याचं सांगितलं.
तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि पायरीवर बसली. म्हणाली, बसतो मंग, सिस्टर येईपर्यंत.
मी पाणी दिलं. कोणी येणार नाही, हे सांगायचं राहिलं.