देवी खुराड्यात आली

खंडाळा, मंगळवार

पांढरीचा दुसरा डोळाही खपल्यांनी मिटला. देवी आलेल्या कोंबड्या मी सकाळी न्हाणीत वेगळ्या कोंडल्या होत्या. लोणावळ्याहून औषध घेऊन संध्याकाळी परतले, तर मोलकरीण गंगूने त्या पुन्हा खुराड्यात, धडधाकट कोंबड्यांत सोडलेल्या.

"देवी आलीया, बाई. तिला येगळं कोंडू न्हाई, कोप हुतो."

"आता सगळ्यांना होईल, कळतंय का?"

"कालिजात देवीला कोंडाय शिकिवलं व्हय?"

माझे घर या अंड्यांवर चालते, हे तिला ठाऊक नाही का? पांढरीच्या चोचीत पाणी सोडले, ते तसेच बाहेर आले. दोन्ही डोळे मिटलेले. दिवसभर सगळ्या एकाच भांड्यातून पाणी प्यायल्या, आता एकमेकींना बिलगून बसल्या आहेत. वेगळे कुणाला काढू?