झडतीबाईंचा भरवसा

मी, खाली सही करणारी, घड्याळांच्या कारखान्याच्या गेटवर बायकांची झडती घेण्याचे काम करून निवृत्त झालेली आणि सगळ्या गल्लीला 'झडतीबाई' म्हणून माहीत असलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डॉक्टर मुद्दाम अनोळखी गाठले. मसुदा वकिलाचा आहे. त्याने माझी भाषा सरळ केली होती, ती मी पुन्हा माझ्यासारखी करून घेतली.

कलम १. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे भावाला होते, दुसऱ्यात अनाथाश्रमाला आणि तिसऱ्यात कोणालाच नाही. तिसरे वाचून वकील म्हणाला, "बाई, कोणाला तरी द्यावंच लागतं हो." त्यालाच हवे असणार, असे मला तेव्हा वाटले होते.

कलम २. वडिलांचे लोखंडी कपाट माझ्या धाकट्या भावाला द्यावे. आई-वडिलांचे घर त्याने गोड बोलून स्वतःच्या नावावर करून घेतले, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. मध्यंतरी दारात येऊन रडला, "ताई, चुकलो गं." मी आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहिले. हात रिकामे होते, म्हणून जास्तच संशय आला. त्याला माफ केले असे इथे लिहिणार नाही. लिहिले आणि मनात नसले, तर देवाला ते वकिलाआधी कळेल. प्रयत्न चालू आहे. कपाट आधी द्यावे, किल्ली दुसऱ्या दिवशी.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे दांडीचा आरसा, टॉर्च आणि शिवण उसवायचा बारीक आकडा, भंगारात घालावीत. ती दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत. अंबाड्यात, डब्याच्या चोरतळात, चपलेच्या टाचेत, कुठे म्हणून घड्याळे सापडली नाहीत मला! आणि एक गोष्ट हमखास खरी ठरायची. जी बाई पाळी सुटल्यावर लांबूनच हसत यायची, "कशा आहात बाई? गुडघे बरे आहेत ना?" तिची पिशवी मी आधी उघडायची. माझ्या गुडघ्यांची काळजी फुकट करणारी एकही भेटली नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाला, गाळा. मी म्हटले, फी किती कलमांची घेतली आहेस?

मी रोज प्रार्थना करते. देवा, तू दयाळू आहेस, तू थोर आहेस, सांभाळ. एक दिवस माझाच आवाज माझ्या कानावर पडला आणि चरकले. अगदी तोच सूर! "कशा आहात बाई?" आत काहीतरी लपवून गेटमधून सटकू पाहणाऱ्या बाईचा. तेव्हापासून धास्ती बसली. मरणानंतर झडती आहे, हे मला पटते. कारखान्याला गेट आणि एवढ्या मोठ्या जगाला नाही, असे कसे होईल? पण तो दया करतो, हे काही केल्या पटेना. गेटवर बसणारा दया करू लागला तर त्याची नोकरी जाते. सगळे म्हणतात, भरवसा ठेवा. भरवसा म्हणजे न बघता पिशवी सोडणे. ते मला कोणी शिकवले नव्हते. देवालाही मी माझ्याच खुर्चीवर बसवून ठेवले होते.

कलम ५. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची जागा, माझ्या पश्चात माझ्या सुनेला मिळावे.

मुलगा गेल्यावर ही माहेरी गेली नाही. माझ्याजवळ राहिली. घरासाठी राहिली, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चालले. कपाटाच्या फटीत केस अडकवून ठेवायचे, टेबलावर मुद्दाम नोट विसरायचे. केस जागच्या जागी, नोट जागच्या जागी. इतके स्वच्छ कोणी असते का?

माझ्या आईची सोन्याची साखळी दिसेनाशी झाली, तेव्हा मी जिन्यात उभी राहून ओरडले, "चोर घरातच आहे!" सगळी दारे उघडली. सून भाजी घेऊन वर येत होती. मी म्हटले, "पिशवी उघड." सवयच ती. ती म्हणाली, "आई, मी नाही हो घेतली." आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर तिने पायरीवर पिशवी पालथी केली. कांदे, कंगवा आणि माझी औषधे. तरी मी म्हटले, "विकून आली असशील."

पुढे मला ताप आला. अंगावरचा जुना कोट मी रात्रंदिवस काढत नव्हते. एका दुपारी तिने मला पुसून घेतले आणि धुवायला म्हणून कोट काढला. खिशाच्या आत तिचा हात अडखळला. मी डोळे किलकिले करून पाहत होते. तिने दोन टाके उसवले आणि अस्तरातून साखळी बाहेर आली. आत वस्तू सोडायची आणि वरून टाके घालायचे, ही युक्ती मी गेटवर कितीतरी जणींची पकडली होती. घरी लपवण्याच्या जागा सारख्या बदलता बदलता तीच स्वतः वापरली आणि साफ विसरले.

दार उघडे होते, जिन्यात बायका बोलत होत्या. मी म्हटले, मेले! आता ही ओरडणार. मी असते तर ओरडले असते. तिने साखळी पाहिली, खाली बसली, डोळे पुसले. मग ती होती तिथे ठेवून वरून टाके घातले. कोट न धुता उन्हात टाकला आणि संध्याकाळी माझ्या अंगावर घातला.

मला त्यातही डाव दिसला. योग्य वेळ बघतेय, म्हटले. वाट पाहून पाहून शेवटी मीच विचारले, "साखळी सापडली तेव्हा बोलली का नाहीस?"

ती दचकली. म्हणाली, "तुम्हालाच सापडावी असं वाटलं. मला सापडली असं सांगितलं असतं तर तुम्हाला तोंड लपवायला जागा राहिली नसती."

"आणि तुझं काय? चोर म्हटलं मी तुला."

"लागलं ना, आई. खूप लागलं. रडले मी. पण तुम्हाला आंघोळ घालायची होती. भांडत भांडत ती घालता येते का?"

यात मी डाव शोधला. आजवर शोधते आहे. सापडत नाही.

म्हणून वकिलाने माझ्याच सांगण्यावरून घातलेल्या अटी, म्हणजे पुन्हा लग्न केल्यास, घर विकल्यास, माहेरचे कोणी राहायला आणल्यास, या सर्व मी स्वतःच्या हाताने खोडल्या आहेत. प्रत्येक खोडलेल्या अटीशेजारी सही आहे. साखळीही तिचीच. हे मरणानंतर वाचले तर लाज मला नाही, कागदाला वाटेल. म्हणून आज सकाळी जिन्यात उभी राहून, दारे वाजवून सगळ्यांना बाहेर काढले आणि सांगितले, "चोर घरात नव्हता. साखळी माझ्याच कोटात होती." दोनदा सांगितले.

कलम ६. माझ्या मागे माझ्यासाठी कोणी देवाकडे रदबदली करू नये. मी आता त्याला गोड बोलत नाही. एवढेच म्हणते: देवा, माझी झडती घे. अस्तरापर्यंत घे. सापडेल तुला, मला आठवत नाही तेही सापडेल. सापडल्यावर माझ्या सुनेसारखा वाग. तू तिच्याहून कोत्या मनाचा नसशील, एवढ्या भरवशावर मी येते आहे.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

मृत्युपत्र करणारी: झडतीबाई (सही)

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा औषधवाला (सही) २. वरच्या मजल्यावरचे मास्तर (सही). दोघांचे एकमेकांशी पटत नाही, म्हणूनच निवडले.

स्थळ: राहते घर, पुढची खोली, दार उघडे ठेवून.

दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.