लंगडत आला म्हणे

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज सासूबाईंना नको ते बोलले. चहा पिताना म्हणाल्या, "आज माहा पोरगा सपनात लंगडत आला. काल त त्याले मिशीच नव्हती."

मी म्हटलं, "अक्का, कुणी येत नाही. ऑफिसात केळीवरचा करपा रोग ओळखायला शिकवताना आम्ही मशीनला पानांचे फोटो मुद्दाम वाकडे, अंधुक करून दाखवतो. नाहीतर ते एकच रूप पाठ करतं. झोपेत डोकंही तेच करतं."

"मंग मले काय शिकवते ते?"

"तो मेला, हे. तुम्हीच शिकत नाही."

चहा तसाच राहिला त्यांचा.

लंगडत. जन्मात कधी लंगडला नाही तो. मला एवढा राग कशाचा आला? नवरा माझा होता, आणि गेल्यापासून मला तो लंगडतसुद्धा दिसलेला नाही.