थांबलेल्या ठिपक्याखाली वेळ दाखवण्याबाबत

प्रति,
मा. नियोजन अधिकारी,
मेंढपाळ ठिकाण-दर्शक ॲप कक्ष,
सोलापूर.

विषय : नवीन ॲपच्या पडद्यावर ठिपक्याखाली शेवटची वेळ दाखवणेबाबत (अर्ज दुसरा).
संदर्भ : आपले पत्र दि. ४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी बाळासो बिरुदेव सलगर, मेंढपाळ, शिक्षण सातवी. ॲपच्या चाचणीत बारा कुटुंबे होती, त्यात माझे होते. पत्नी केराबाई १७ एप्रिल रोजी वारली. दसऱ्यानंतर बाकीची कुटुंबे हेच ॲप घेऊन निघणार आहेत, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

आमच्यात बाई घोड्यावर संसार लादून पुढे जाते आणि तळाची जागा धरते. आम्ही मेंढरं चारत मागून जातो. वाट फुटते तिथे ती झाडाला चिंधी बांधते. चिंधी दिसली नाही की माणूस शोधायला निघतो. ॲप आल्यावर केराबाईने चिंध्या सोडल्या. "आता ठिपकाच सांगंल की मी कुटं हाय. तुमी वाटंनं बोंबलत येऊ नगा," असे ती म्हणाली होती.

त्या दिवशी दुपारी एकला तिचा हिरवा ठिपका मंद्रूपच्या पुढे ओढ्याजवळ थांबला. ठिपका थांबला म्हणजे तळ पडला, असे मी समजलो. पाचपर्यंत मेंढरं चारली. मधून मधून बघत होतो. ठिपका हिरवाच होता. पोचलो तेव्हा घोडा लादलेलाच उभा होता आणि ती ओढ्यात पडलेली होती. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. तीन वाजेपर्यंत जीव असावा, असे म्हणाले. फोन तापून दुपारी एक वाजताच बंद पडला होता. ॲपने शेवटची जागा धरून ठेवली होती.

माझ्या सूचना अशा :

१) ठिपक्याखाली तो किती वेळापूर्वीचा आहे ते मोठ्या अक्षरात यावे. वाचता येत नाही त्यांच्यासाठी ठिपका जुना होईल तसा फिका व्हावा.

२) अर्धा तास खबर आली नाही तर मागच्या माणसाचा फोन वाजावा.

३) 'तळ पडला' असे बटण असावे. ते बाईने स्वतः दाबावे. नुसत्या थांबण्यावरून कोणी काही समजू नये.

आपण कळवले की रंग अंतिम झाले आहेत आणि पडद्यावर जास्त मजकूर दिल्यास वापरणारा गोंधळतो. मी गोंधळलो नव्हतो. मला खात्री होती.

केराबाईचा फोन मी चार्ज करून ठेवतो. त्यावर दर सोमवारी आपला संदेश येतो, 'आपण बरेच दिवस एकाच जागी आहात, कारण नोंदवा.' बंद करण्यासाठी आपल्या कक्षात विचारले. तिने स्वतः चेहरा दाखवून नाव काढावे लागेल, असे उत्तर मिळाले. मृत्यूचा दाखला चालत नाही म्हणाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस हलला नाही हे ॲपला कळते, असा याचा अर्थ होतो. ते सोमवारी न कळवता त्याच दुपारी कळवावे.

यातले काहीच जमत नसेल तर फोन बंद पडताच ठिपका काढून टाकावा. पडदा रिकामा असता तर मी दीड वाजताच निघालो असतो. ओढा तिथून एक तासाच्या वाटेवर होता.

आपला नम्र,
बाळासो बिरुदेव सलगर
सोलापूर, दि. १ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२) पडदा कसा असावा, त्याचे पेन्सिलीने काढलेले चित्र