बांधावरचे पेरू

१२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आमच्या गल्लीच्या डोक्यावर, ओढ्यात तू आखलेला मातीचा बांध दोन वर्षं कोरडाठाक उभा आहे. दुकानात कपडे शिवायला टाकणारं प्रत्येक गिऱ्हाईक माप देता देता विचारतं, बहीण इंजिनिअर असून धरणात पाणी घालायचं विसरली का म्हणून. मी हसण्यावारी नेतो. तुझी वहिनी चिडते. निदान शोभा तरी यावी म्हणून बांधाच्या पायथ्याशी सहा पेरू लावलेत. छान रुजलेत. फळं आली की पाठवतो.
तुझ्यावर माया आहेच, ती कळावी.
तुझा दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. बांध कोरडा आहे, कारण तो पाणी साठवायला नाही, पूर अडवायला बांधलाय. पूर आला की थोपवायचा आणि खालच्या नळातून हळूहळू सोडायचा, एवढंच त्याचं काम.
पेरू मात्र आजच्या आज मुळासकट काढ. मुळांच्या वाटेने पाणी शिरून बांध आतून पोखरतं. खड्ड्यांत चिकणमाती थराथराने भर आणि जड धुमसाने ठोकून घट्ट बसव. पायाने थोपटून मोकळा होऊ नकोस. तुझी घाई मला ठाऊक आहे. कधी गढूळ पाझर दिसलाच तर आधी खालची घरं रिकामी कर, मग पाझराभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं कर. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद. सगळे सुखरूप, गल्ली कोरडी. तीन दिवस पाऊस कोसळला आणि बांध काठोकाठ भरला. परवा दुपारी पायथ्याशी पाझर फुटला, चहासारखा गढूळ. मी गल्लीभर बोंब मारली, घरं रिकामी झाली. वाळू होती, पोती नव्हती. दुकानात बँडवाल्यांच्या बावीस लाल विजारी तयार होत्या. तुझ्या वहिनीने आणि मी पायांची तोंडं शिवली, वाळू भरली, कमरा आवळल्या आणि कडं घातलं. बँडमास्तर तणतणत आला, पाझर पाहिला आणि मुकाट्याने वाळू भरायला बसला. तासाभराने पाणी नितळलं. आता बांधाखाली अख्खं बँडपथक पाय पसरून बसल्यासारखं दिसतं.
रविवारी गल्लीने माझा सत्कार ठरवलाय, आणि तिथेच गाडं अडलंय. पेरू उपटून खड्डे नीट ठोकले, असं मी तुला मधल्या पत्रात कळवलं होतं. ते खोटं. पायानेच थोपटले होते. पाझर नेमका तिथूनच फुटला. हे ऐकल्यापासून तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. सत्काराला जाऊ की आजारी पडू, ते कळव.
तुझा लोभ अजून शिल्लक असेल असं धरून चाललेला,
दादा

१२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी दुरुस्तीची माणसं ठरवली, मग बावीस विजारी डोळ्यांपुढे आल्या आणि हसू आवरेना. तुझ्या शब्दावर विसंबून मी स्वतः बघायला आले नाही, ही चूक माझी. ती माणसं शनिवारी येतील. तोवर एकही विजार हलवू नकोस.
सत्काराला जा. हार घे आणि मग माईकवर पेरूंचं सगळं सांग. लोक चिडतील, पण बांधावर पुन्हा कुणी झाड लावणार नाही. आजारी पडायचा विचार मात्र सोड. प्रमुख पाहुणी म्हणून त्यांनी मलाच बोलावलंय. तू नाही बोललास तर मी बोलेन.
लोभ आहे तसाच आहे.
तुझी धाकटी